चार बॅकांचा मास्तर

फुटबॉलमध्ये मला एकच गोष्ट येत होती, गोल होऊ न देणं. ती मात्र चांगली येत होती. नम्रपणा करत बसलो तर पुढचं काहीच सांगता येणार नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

डिचोलीजवळच्या एका खाणीवर मी टाइमकीपर होतो. गेटजवळच्या खोलीत बसून कामगारांची हजेरी लावायची, हे माझं काम. तरुणपणी मी बॅक खेळायचो. एका सामन्यात उजवा गुडघा गेला आणि खेळ सुटला, पण मैदानावर जाणं सुटलं नाही. गावाच्या क्लबाची टीम होती, त्यात निम्मे खाणीवरचे आणि निम्मे आसपासच्या गावांतले. हळूहळू त्या टीमचा बचाव माझ्या हातात आला. चार बॅक आणि एक गोली, एवढे पाच जण माझे. ते मला मास्तर म्हणायचे.

बाकीची टीम पात्रांवांची. पात्रांव म्हणजे आमच्याकडे मालक, पण आमच्या मुख्य कोचना हे नाव पोरांनी लाडानं दिलं होतं. म्हापशाजवळच्या गावातले ते एक म्हातारे ख्रिश्चन गृहस्थ. गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हापासून मैदानावर. जुन्या मोटरसायकलवरून यायचे आणि येताना पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, उंडे पाव पिशवीत घालून आणायचे. सराव सुरू झाला की मैदानाच्या कडेला लाकडी कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून बसायचे. एकेका पोराला जवळ बोलवायचे, घरचं विचारायचे, उंडो मोडून अर्धा हातात द्यायचे आणि पाठीवर थाप मारून परत पाठवायचे.

ते एवढंच करायचे, असं मला वाटायचं. म्हातारा गप्पा मारतो आणि राबतो मी, हे मी मनात रोज म्हणायचो.

आणि राबत होतो हे खरं आहे. मी काथ्याची दोरी आणली होती. चारही बॅकांच्या कमरेला ती बांधायचो, दोघांमध्ये सात-आठ हातांचं अंतर ठेवून. मग समोरून बॉल घेऊन यायचो. एक पुढे सरकला की चौघांनी सरकायचं, एक मागे आला की चौघांनी यायचं. चुकला की कमरेला हिसका बसायचा. तीन महिन्यांनी दोरी सोडली तरी ते चौघे तसेच हलायला लागले, आणि समोरचे फॉरवर्ड एकामागून एक ऑफसाइड व्हायला लागले. मागे गोली होता. बेळगाव जिल्ह्यातून आलेला, खाणीवर लोडिंगला. आयुष्यात फुटबॉल पाहिलेला नव्हता, पण व्हॉलीबॉल खेळलेला, आणि हात असे की बॉल चिकटून बसायचा. त्याला मी शून्यापासून शिकवलं. कधी बाहेर यायचं, कधी जागेवर थांबायचं, बॅकांना ओरडून काय सांगायचं. तो रोज शिफ्ट संपली की तोंडावरची लाल धूळ धुवून थेट माझ्यासमोर उभा राहायचा. “मास्तर, आज काय?” म्हणायचा.

त्या दोन वर्षांत आमच्यावर फार थोडे गोल झाले. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात गेलो तर अनोळखी लोक मला थांबवायचे. “दोरीवाले मास्तर ते तुम्हीच ना?” मला ते आवडायचं. पात्रांवांबद्दल कोणी विचारलं तर मी नुसता हसायचो. ते हसणं आता आठवलं की मला स्वतःची किळस येते, पण तेव्हा ते माझं मलाही दिसत नव्हतं.

मग राजभाषा मराठी की कोंकणी, यावरून आंदोलन पेटलं. भिंती रंगल्या, बस बंद पडायला लागल्या, रस्त्यात झाडं आडवी पडली. एका घरात दोन भाऊ बोलेनासे झाले. आमच्या घरी मराठी पेपर यायचा, देवाची आरती मराठीत व्हायची, मुलांची शाळा मराठी होती, आणि आईला हाक मात्र कोंकणीत. मी मराठीच्या बाजूचा होतो, आजही आहे. पण त्या दिवसांत आमच्या बाजूनं काय काय केलं आणि त्यांच्या बाजूनं काय काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि कोणाच्याही गळ्यात मला हार घालावासा वाटत नाही.

क्लबाचा अध्यक्ष ट्रकवाला होता. खनिज वाहणारे त्याचे बरेच ट्रक होते. एका रविवारी त्यानं मला क्लबाच्या खोलीत बोलावलं. कमिटीचे चार जण बसलेले.

“आमकां मुखेल कोच आमचो जाय,” अध्यक्ष म्हणाला, मुख्य कोच आपला हवा. “तो म्हातारो बरो, पूण तो त्यांच्यातलो. हे दीस असले. तूं मराठीचो मनीस. आनी टीम तशीय तुज्याच डिफेन्सार उबी आसा.”

मराठीसाठी चाललेली ही सगळी चर्चा कोंकणीतून चालली होती, आणि खोलीतल्या एकाच्याही ते लक्षात येत नव्हतं. माझ्या आलं. पण त्याचं शेवटचं वाक्य माझ्या कानात असं काही शिरलं होतं की ते मी तिथेच सोडून दिलं. पात्रांवांनी काय चूक केली, एवढं तरी मी विचारायला हवं होतं. मी विचारलं ते भलतंच.

“कधीपासून?”

त्यांनी पात्रांवांना पत्र पाठवलं. मुद्दाम मराठीत, चांगलं शुद्ध, टाइप केलेलं. दोन दिवसांनी म्हातारा मोटरसायकल घेऊन थेट माझ्या टाइम ऑफिसला आला. बाहेर टिपरांची रांग लागलेली, धुळीनं काही दिसत नव्हतं. त्यांनी खिशातून पत्र काढलं आणि माझ्यासमोर धरलं. त्यांचं शिक्षण पोर्तुगीजमध्ये झालेलं, कोंकणी ते रोमी अक्षरांत वाचायचे. देवनागरी अक्षरं त्यांना एकेक करून लावावी लागायची.

“वाचून दाखय म्हाका,” ते म्हणाले. “कितें बरयलां?”

मी वाचलं. ‘आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल क्लब आपला ऋणी आहे’ इथपासून ‘नवीन मुख्य प्रशिक्षक म्हणून’ इथपर्यंत, आणि पुढे माझंच नाव. माझ्या तोंडून मीच ते वाचलं. आवाज कुठेही अडू नये याची मी खबरदारी घेतली, आणि तो अडला नाही याचं मला तेव्हा कौतुकही वाटलं.

त्यांनी पत्र परत घेतलं. मग म्हणाले, “बरें. भुरग्यांविशीं कितें सांगूं तुका? एकेकट्याचें आसा.”

“नाका,” मी म्हणालो. “म्हाका खबर आसा.”

त्यांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि गेले. मला पोरांबद्दल काहीही खबर नव्हती. मला फक्त ते कुठे उभे राहतात एवढं माहीत होतं.

पहिल्या दिवशी मी सगळ्या टीमला दोरी बांधली. हे सांगताना आज हसू येईल असं वाटतं, पण येत नाही. फॉरवर्डना, विंगरना, सगळ्यांना. सगळ्यांनी बचाव शिकला की टीम हरणारच नाही, असं माझं गणित होतं. त्यात डाव्या विंगेला पेडण्याचा एक पोरगा होता. घरी काजूची बाग, स्वतः पेडण्याच्या एका सरकारी ऑफिसात कारकून. शनिवार-रविवार दोन बस बदलून सरावाला यायचा. बॉल पायात आला की तो सुटायचा, आणि का सुटला, कुठे चालला, हे त्यालाही ठाऊक नसायचं. पात्रांव त्याला काही शिकवायचे नाहीत. त्याला बघून मान डोलवायचे एवढंच. मी त्याला दोरी बांधली. तो दहा मिनिटं हलला आणि दोरीत पाय अडकून तोंडावर पडला.

“उठ,” मी म्हणालो. “परत.”

पुढचे चार सामने आम्ही एकही गोल खाल्ला नाही आणि एकही केला नाही. लोक कंटाळून उठून जायला लागले. मी अध्यक्षाला सांगत होतो, बघा, एकही गोल नाही. तो जांभया द्यायचा.

हाफटाइमला तर माझी खरी पंचाईत व्हायची. आधी हाफटाइमला मी माझ्या पाच जणांना जांभळीच्या झाडाखाली नेऊन बोलायचो. आता सगळी टीम समोर बसायची, आणि मी बोलायला लागलो की थोड्या वेळानं लक्षात यायचं, मी त्या पाचांकडेच बघून बोलतोय. बाकीचे पाणी पीत गवत उपटत असायचे. बचावासाठी म्हणून मी एका जुन्या बॅकला मदतीला घेतलं होतं, पण त्यानं तोंड उघडलं की मी मध्ये पडायचो. दोन आठवड्यांत तो यायचा बंद झाला. सरावात गोलीला मात्र मी वेळच देत नव्हतो आता. तो शिफ्ट संपवून यायचा, माझ्या बाजूला उभा राहायचा, मी कोणावर तरी ओरडत असायचो. मग तो एकटाच जाऊन भिंतीवर बॉल मारत बसायचा.

म्हापशात एक स्पर्धा होती. कसंबसं करून आम्ही उपांत्य सामन्यापर्यंत पोचलो. आदल्या दिवशी अध्यक्ष मैदानावर आला, मला बाजूला घेतलं.

“तो पेडण्याचा. मोर्चात होता. कोंकणीवाल्यांच्या.”

“कोण म्हणालं?”

“माझ्या ड्रायव्हरनं पाहिला. आपला हिंदू असून. उद्या तो नको. माझा भाचा घाल.”

भाचा मी पाहिला होता. बूट नवे होते, बाकी सांगण्यासारखं काही नव्हतं. माझ्या मनात आलं ते असं, की हा माझा प्रश्नच नाही. बचाव माझा, बाकी काय ते वरच्यानं बघावं. आणि मग ध्यानात आलं की वरचा मीच आहे. अध्यक्ष माझ्या उत्तराची वाट बघत होता. मी हो म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सामन्याआधी पोरं बूट बांधत होती. मी पेडण्याच्या पोराला म्हटलं, “आज तू बाहेर. आज बचाव भक्कम पाहिजे. त्यांचा उजवा फॉरवर्ड वेगवान आहे, तू मागे येत नाहीस, डावी बाजू उघडी पडते.”

तो हातातली नाडी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला.

“मास्तर, खरां काय तां सांगा.”

“तेच सांगतोय. जागांचा प्रश्न आहे.” आणि मी खाली बसून मातीत काडीनं रेघा ओढल्या. हा इथे, तो तिथे, बॉल इथून आला तर हे अंतर कोण भरणार. सगळं बरोबर होतं. त्या रेघांत एकही चूक नव्हती. आयुष्यभर जे शिकलो, जे मला सगळ्यात चांगलं येत होतं, ते सगळं वापरून मी त्या पोराशी खोटं बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बूट काढले, पिशवीत घातले आणि मैदानाच्या कडेच्या दोरीपलीकडे प्रेक्षकांत जाऊन उभा राहिला. मला खोटं बोलल्याची शिसारी आली असती तरी ठीक होतं. त्याला ते पटलं असेल का, याची मला त्या क्षणी काळजी वाटत होती, म्हणजे माझ्या हुशारीची.

अर्ध्या तासात भाच्याची बाजू फुटली. तो कुठेच नसायचा, म्हणून माझा डावा बॅक त्याची जागा भरायला पुढे जायचा, आणि त्याच्यामागे मोकळं रान. माझे चार बॅक तोवर चौघे राहिले नव्हते. पहिला गोल झाला, दुसरा झाला. अध्यक्ष खुर्चीवरून माझ्याकडे बघत होता, आणि मला कुणावर तरी ओरडायचं होतं. भाच्यावर ओरडता येत नव्हतं.

तिसरा गोल गोलीच्या हातातून सुटला. ओला बॉल, जवळून मारलेला, कोणाच्याही हातातून सुटला असता. तो उठला, माझ्याकडे बघून हात वर केला आणि म्हणाला, “चुकलं मास्तर.”

मी रेषेपर्यंत धावत गेलो आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, “घाटी तो घाटीच! तुला कोणी आणला इथे?”

त्याला मीच आणला होता.

घाटापलीकडून आलेल्या माणसाला आमच्याकडे लोक सहज तसं म्हणतात. चहाच्या दुकानात म्हणतात, बसमध्ये म्हणतात, आणि म्हणून झालं की विसरतात. मी तो शब्द खाणीवर हजारदा ऐकला होता आणि मनात म्हणायचो, आपण नाही असं बोलत. आजूबाजूचे लोक हसले. आमचेच लोक. काहींनी तो शब्द उचलला आणि पुढचा सगळा वेळ बॉल त्याच्याकडे गेला की तेच ओरडत राहिले. तो खेळला. शेवटपर्यंत खेळला. त्यानंतर त्यानं दोन बॉल असे अडवले की समोरच्या टीमनं टाळ्या वाजवल्या. आम्ही तीन गोलांनी हरलो.

सोमवारी सकाळी तो नेहमीच्या वेळेला टाइम ऑफिसच्या जनेलासमोर, म्हणजे खिडकीशी, आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यानं ते आत सरकवलं.

“किट धुऊन आणलंय, साहेब. बघून घ्या.”

जर्सी, पँट, मोजे, हातमोजे. वाळवून, घड्या घालून. हातमोज्यांच्या बोटांतली मातीसुद्धा काढलेली होती. मला काहीतरी बोलायचं होतं. मागे पंधरा-वीस कामगार उभे होते.

“नंबर?” मी म्हणालो.

त्याचा नंबर मला पाठ होता. त्यानं तो सांगितला, मी हजेरी लावली, तो गेला. पुढचं दीड वर्ष तो त्या जनेलासमोर दिवसातून दोनदा येत होता आणि मला साहेब म्हणत होता. मग गावी शेतीत कोणी नाही म्हणून सोडून गेला. त्या दीड वर्षात रोज दोनदा मला माफी मागायची संधी होती आणि रोज दोनदा मी हजेरी लावली.

पेडण्याचा पोरगा पुन्हा आला नाही. कमिटीनं मला पावसाळ्याआधीच काढलं. मला पत्रही आलं नाही, अध्यक्षानं बाजारात गाठून सांगितलं. कोंकणीला राजभाषा करणारा कायदा झाला, पाठोपाठ गोवा वेगळं राज्य झालं. फटाके वाजले, त्यात सगळ्यात मोठी माळ अध्यक्षाची होती. पुढच्याच वर्षी क्लबाच्या कार्यक्रमात त्यानं कोंकणीतून छान भाषण केलं. माय भास वगैरे. मी मागच्या बाकावर होतो. मला त्याची घाण वाटली, पण त्याला निदान लाज विकून काहीतरी मिळालं होतं. मी तर फुकट विकली होती.

पात्रांव मला एकदाच भेटले, म्हापशाच्या बाजारात, मिरच्यांच्या रांगेपाशी. चुकवून जाणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. थकले होते. पहिलं विचारलं ते पेडण्याच्या पोराबद्दल. त्याच्या आईची तब्येत कशी आहे म्हणून. आई आजारी होती हेच मला माहीत नव्हतं. तो रोज संध्याकाळी तिला सोडून सरावाला कसा येणार, म्हणून त्याला फक्त शनिवार-रविवार ठेवलं होतं, हे मला तिथे मिरच्यांच्या ढिगापाशी कळलं.

“म्हाका डिफेन्स कळनासलो,” ते म्हणाले. “कांयच कळनासलें. देखून तुका घेतिल्लो.”

बचाव कळत नव्हता म्हणूनच मला घेतलं होतं, हे ते असं म्हणाले, जसं कोणी म्हणावं मला पोहता येत नाही. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मी मिरच्या न घेताच बसस्टँडवर आलो.

त्यानंतर दोन वर्षांनी क्लबानं मडगावच्या बाजूचा एक नवा कोच आणला. पदव्या असलेला, शिट्टी गळ्यात घालणारा. त्याला बचावासाठी माणूस हवा होता, आणि सगळ्यांनी माझं नाव सांगितलं. मी नाही म्हणायला हवं होतं. मी दुसऱ्या दिवशी दोरी घेऊन हजर झालो.

आणि मला पुन्हा जमलं. हेच मला कुणाला सांगता येत नाही. आठवड्याभरात मी पुन्हा तोच माणूस झालो. चार नवे बॅक, एक नवा गोली, जांभळीचं झाड. रात्री झोप लागायला लागली. त्या मोसमात आमच्यावर गोल होईनात. लोक पुन्हा थांबवून बोलायला लागले, मुख्य कोच म्हणून मी काय केलं होतं ते कोणाच्या लक्षातही नव्हतं. मी सुखी होतो. त्या सुखाचा मला वीट आला आहे, पण ते सुख होतं.

सुर्ल्याला एक सामना होता. हाफटाइमला आम्ही एका गोलनं मागे होतो. नवा कोच फॉरवर्डवर भडकला. तो फॉरवर्ड कोल्हापूरकडचा, बांधकामावर सेंट्रिंगचं काम करणारा. कोच त्याच्या जातीवर गेला, आईवर गेला, आणि शेवटी तोच शब्द त्याच्या तोंडातून आला. त्या पोरानं इकडे-तिकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी सगळ्यात वयस्कर होतो. कोचला एवढंच म्हणता आलं असतं की पुरे.

मी माझ्या उजव्या बॅकसमोर खाली बसलो आणि त्याच्या बुटाची नाडी बांधायला लागलो. ती सुटलेली नव्हती.